महेबूबचं पेव

महेबूब,

आज सातवीच्या वर्गावर पश्चिम आशिया घ्यायचा होता. नकाशा खिळ्याला अडकवला, पट्टी उचलली आणि कुवेतवर ठेवली. पुढे तोंडातून शब्दच निघेना. पोरं आपसात कुजबुजायला लागली. मी त्यांना धड्याखालचे प्रश्न लिहायला सांगितले आणि खुर्चीत बसून राहिलो. रडू आलं असं समजू नकोस. तुला माती देऊन सव्वीस दिवस झाले, ते एकदाही आलेलं नाही. बायको म्हणते, तुम्ही जेवता, शाळेत जाता, पेपर वाचता, म्हणजे बरे आहात. कधीकधी मलाही वाटतं, बराच असेन. फक्त पायाला मुंग्या आल्यावर चिमटा काढला तरी कळत नाही, तसं अंगभर झालंय.

तू कसा गेलास हे सगळ्या चुडाव्याला माहीत आहे. पेव उघडलंस, आत उतरलास, आत हवा नव्हती. तोंड लहान आणि पोट मोठं असा तो जमिनीतला खड्डा, त्यात दोन पावसाळे ज्वारी बंद होती. पेवाची वाफ जाऊ द्यायची, मग कंदील सोडून बघायचा, तो विझला तर थांबायचं, आणि तो नाही विझला तरी एकट्याने उतरायचं नाही, कमरेला दोर बांधायचा आणि दुसरं टोक वरच्या माणसाने धरायचं. हे आपल्या भागात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तुला तर माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. वर माणूस का नव्हता, हे मात्र मला कुणी विचारलं नाही. त्याचं उत्तर मला माहीत आहे, असं मी परवापर्यंत धरून चाललो होतो.

आपण पूर्णेच्या शाळेत एका बाकावर होतो. तू चुडाव्याहून गाडीने यायचास. मध्ये दुसरं स्टेशन नाही, तरी दिवसाआड तुला उशीर, आणि दर वेळी दोष गाडीचा. मी लिंगायत वाण्याचा, घरात किराणा दुकान. तुझ्या बापाचं चार एकर रान. मी शिकून त्याच शाळेत भूगोलाचा मास्तर झालो, तू गावातल्या धान्याच्या गोदामात लागलास. पोत्यात कोपरापर्यंत हात घालायचास, एक दाणा दाताखाली धरायचास, आणि ज्वारीला ओल आहे की नाही ते सांगायचास. मी तुला चिडवायचो, की महेबूबचे दात म्हणजे सरकारी यंत्र. तुझा एक दात पडला तेव्हा आपण दोघांनी मिळून त्या यंत्राचा शोक केला होता.

नामांतरावरून मराठवाडा पेटला त्या वर्षी तू कुवेतला गेलास. बंदरावर धान्याची जहाजं रिकामी करणारी कुठलीशी कंपनी होती, तिथे पोती तपासायचं काम. जैतुनबीला वाचता येत नव्हतं, आणि तुला उर्दू धड लिहिता येत नव्हतं. म्हणून तुझं पत्र माझ्या पत्त्यावर मराठीत यायचं आणि मी रविवारी चुडाव्याला जाऊन ते वाचून दाखवायचो. मी ओसरीवर, तुझी बायको दाराआड. दोन वर्षांनी ती उंबऱ्यावर येऊन बसायला लागली आणि मला भाऊ म्हणायला लागली. तू बोलतोस तसंच लिहायचास, त्यामुळे वाचताना माझाच आवाज तुझ्यासारखा व्हायचा आणि ती तोंडाला पदर लावून हसायची.

पहिलं पत्र मला पाठ आहे. ‘अप्पा, हितं वावरच न्हाई. बांध न्हाई, बैल न्हाई. चिमण्यासुद्दा जहाजातून सांडलेल्या गव्हावर जगायल्यात. पानी समुद्राचं गोड करून पितात. पन खायाची चंगळ हाय. रोटी भट्टीतून गरमागरम, सरकार सस्तात देतं. परातभर भात येतो, निम्मा खातात, निम्मा टाकतात. मला लय कसंतरी होतं. आनि एक सांगू का, जहाज आठ दिवस लांबलं की मालकाचं तोंड सुकतं. त्याला माहीत हाय, गावात पिकत काईच न्हाई.’

मी ते वर्गात सांगितलं. माझ्या पुस्तकात कुवेतपुढे तेल लिहिलं होतं, बस. तुझं जहाज मी त्याला जोडून दिलं. त्या वर्षी पोरांनी पेपरात लिहिलं की कुवेतमध्ये चिमण्या परदेशी गहू खातात, आणि मी मार्क दिले.

मग कंपनीने तुला सुदानच्या बंदरावर पाठवलं. तिथून आलेलं पत्र वाचताना तू उड्या मारतोयस असंच वाटत होतं. ट्रकाबरोबर तू आत दूरवर जाऊन आला होतास. ‘अप्पा, ज्वारी! मानसाच्या डोईवरून जाती. माती काळी, आपल्यावानीच भेगाळलेली. मला वाटलं चुडाव्याच्या शिवारात उतरलो.’ तुझ्याबरोबर वजन करणारा उस्मान म्हणून एक तिथलाच माणूस होता. त्याच्या बापाच्या घरी तू राहिलास, आणि त्यांनी तुला अंगणातलं पेव दाखवलं. मतमूरा म्हणतात ते त्याला. आत काडाचं अस्तर, वर माती, सगळं आपल्यासारखं, उतरायच्या आधी वाफ जाऊ देण्याची रीतसुद्धा. तू लिहिलंस, ‘ह्यांची भाषा मला येत न्हाई, पन म्हाताऱ्यानं पेवाचं तोंड दाखवून नाकाला हात लावला, आन मला सगळं समजलं.’

त्यानंतरची पत्रं अशी नव्हती. त्याच बंदरातून तू आधी ज्वारी जहाजात चढताना पाहिली होतीस, समुद्रापलीकडच्या श्रीमंत देशात जनावरांना घालायला. आणि पुढच्या वर्षी तिथेच परक्या देशांचा गहू उतरताना पाहिलास, उपाशी माणसांसाठी. पश्चिमेकडे दोन वर्षं पाऊस नव्हता. पूर्वेकडच्या व्यापाऱ्यांची कोठारं भरलेली होती. एका पत्रात तू लिहिलंस, की उस्मानची चुलती मुंग्यांची वारुळं खणून त्यातले दाणे गोळा करायलीय. ती ओळ मी जैतुनबीला वाचून दाखवली नाही. तू स्वतः एक वेळच जेवतोस, ती ओळही गाळली. तिथे मी तब्येत ठीक आहे, काळजी करू नये, असं माझ्या मनचं घातलं. मला वाटलं, मी चांगलं काम केलं.

सुट्टीवर आलास तेव्हा आपण स्टेशनसमोरच्या हॉटेलात बसलो होतो. चार लोक ऐकत होते, आणि चार लोक ऐकत असले की माझी जीभ जरा सैल सुटते. मी म्हणालो, "तेल तुमच्याच देशांत, उपासमार पण तुमच्याच देशांत. एकमेकाला घास देता येत नाही? कसले रे तुम्ही भाईबंद?"

तू बशीत चहा ओतलास, फुंकर मारलीस. "अप्पा, माझा देस पूर्णेपसून एक टेसन हाय," म्हणालास. "आन कलमा एक म्हणून चूल एक व्हत न्हाई. एकाकडं पैसा हाय, रान न्हाई. दुसऱ्याकडं रान हाय, पन दाणा कुनाच्या कुलपात हाय ते बघ. तिसऱ्याकडं, माझ्यासंगं बंगाली हायत, त्यांच्याकडं पानीच इतकं की भात उभ्यानं वाहून जातो. तू समद्याला एका रंगानं रंगवायलास."

"माझ्या नकाशात रंग वेगवेगळे आहेत," मी म्हणालो.

"नकाशात हायत. तुज्या तोंडात एकच हाय." मग तू हळू आवाजात म्हणालास, "बाहात्तरच्या दुष्काळात माझा बाप खडी फोडायला जात व्हता. तुज्या दुकानाच्या मागल्या खोलीत पोती व्हती का न्हाई रे? आपली तर शाळा पन एक, बाक पन एक."

पोती होती. ती मी पाहिली होती, त्यांच्यावर बसून अभ्यासही केला होता. मी तुला म्हणालो, चहा निवतोय. तेव्हापासून तुझ्याशी वाद घालताना मी आधी आजूबाजूला कोण बसलंय ते बघायला लागलो. पण वाद सोडले नाहीत. दर सुट्टीला तू नवं काही आणायचास आणि मी ते खोडायला बसायचो. खरं सांगू, तू येणार म्हणून मी चार दिवस आधी तयारी करायचो, जुनी वर्तमानपत्रं चाळायचो. दुसऱ्या कुणाशी बोलायला मी एवढा कधी शिकलो नाही.

इराकने कुवेत घेतलं तेव्हा तू पुन्हा कुवेतला होतास. कित्येक आठवडे पत्र नाही. मी रविवारी जायचोच, आणि जैतुनबी जुनीच पत्रं पुढे ठेवायची. मी तीच वाचायचो. एकदा मी ते सुदानचं पत्र वाचत होतो आणि नेहमीसारखा वारुळाच्या ओळीवरून पुढे गेलो, तर ती म्हणाली, "भाऊ, तिथं तुमी दरखेपी अडखळताव. काय हाय तिथं?" मी म्हणालो, अक्षर लागत नाही.

मग एके सकाळी तू पूर्णेच्या फलाटावर उतरलास. हातात कापडी पिशवी, अंगात कुणा दुसऱ्याचा शर्ट. घरी जायच्या आधी माझ्याकडे आलास, अंघोळ केलीस आणि बायकोने वाढलेल्या भाकरीकडे बघत बसलास. जेवणानंतर तुझ्याकडून मी जे ऐकलं त्यात लढाई फार कमी होती. जिथे सफरचंदं सडायची तिथे आठवड्यात रोटीला रांग लागली. गोदामं भरलेली होती, पण आता ती सैनिकांची होती. तुमच्या कुवेती मालकाने घरातला उरलेला तांदूळ तुम्हा कामगारांत वाटला, बंगाल्यांना, आपल्यांना, सगळ्यांना सारखा, आणि स्वतः रडला. वाटेत इराक लागलं. दोन मोठ्या नद्या, खजुराची रानं, आणि तरी दुकानात पीठ बाहेरून आलेलं, लोक तेही दडवायला लागलेले. मग जॉर्डनच्या हद्दीवर वाळवंटात तंबू. तिथे तेल नाही, पाणी जेमतेम. आजूबाजूच्या खेड्यांतले लोक रोट्या आणि टमाटे घेऊन येत होते. एका म्हातारीने रोटी मोडून अर्धी तुला दिली आणि अर्धी परत पदरात ठेवली.

"तिच्या घरी तेवढीच आसंल," तू म्हणालास.

मी म्हणालो, "म्हणजे गरीब चांगले आणि श्रीमंत वाईट, असं का?"

"मग माझ्या मालकाला कुठं बसवशील? इतकं सोपं आसतं तर तुज्या पुस्तकात आलं आसतं की." आणि तू पहिल्यांदा हसलास. तेव्हा मला बरं वाटलं होतं, माझा महेबूब परत आलाय असं वाटलं होतं.

पण तू परत आलास तो डोक्यात पेव घेऊनच. तुझ्या अंगणातलं पेव तुझ्या आजोबांच्या वेळचं, कित्येक वर्षं त्यात कचरा टाकत होते. ते तू स्वतः उपसलंस, आतून शेकलंस, काडाचं अस्तर लावलंस. दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात रानातली सगळी ज्वारी त्यात ओतलीस, दगड ठेवून माती लिंपलीस. गाव हसलं. दाराशी रेशनचं दुकान, पोत्यात टाकायला औषधाच्या गोळ्या, आणि हा बाबा जमिनीत दाणा पुरतोय. शेजारचा दत्तराव एकटाच हसला नाही, कारण त्याच्या आजोबाचंही पेव होतं. तू त्याला म्हणायचास, वर्ष बरं असो वाईट असो, गल्लीची दोन महिन्यांची भाकर जमिनीत पाहिजे. आणि मी? मी गावापेक्षा मोठ्याने हसलो. मास्तर होतो ना.

आता त्या दिवसाकडे येतो. येणं भाग आहे.

संक्रांतीच्या आधीचा आठवडा. नामांतराचा निर्णय होणार म्हणून सगळीकडे कुजबूज, पोलिसांच्या गाड्या, दुकानांची अर्धी दारं ओढलेली. तू बाजाराला आला होतास आणि आपण त्याच हॉटेलात बसलो होतो. तू म्हणालास, गडबड वाढली, बाजार बंद पडला, तरी माझ्या गल्लीला चिंता न्हाई. मी म्हणालो, "महेबूब, तू तिकडची भीती इकडे आणलीस. सरकारचं गोदाम भरलेलं आहे. आणि तुझी ज्वारी तर केव्हाच कुजली असेल. दोन पावसाळे! तू पेव नाही भरलंस, ज्वारीची कबर बांधलीस."

लोक हसले. तू नाही हसलास. "कुवेतचं गोदाम पन भरलेलंच व्हतं, अप्पा. म्याच भरलं व्हतं," म्हणालास. आणि उठताना माझ्या खांद्यावर हात ठेवलास. "भोगीच्या आदल्या दिशी ये. तू दोर धर, मी उतरतो. कुजली आसंल तर वर्षभर तुज्या वर्गात बसून भूगोल शिकीन."

मी येतो म्हणालो.

त्या सकाळी मी दाढी करत होतो. बायको म्हणाली, कशाला जाता, वातावरण बरं नाही. मी लगेच बरं म्हणालो, एवढ्या लगेच की तिलाही नवल वाटलं. चुडाव्याकडे जाणारी गाडी आमच्या घरामागून जाते. तिची शिट्टी मी ऐकली. दुपारच्या गाडीचीही ऐकली. नंतर सगळ्यांना मी सांगितलं की गाड्या बंद होत्या, आणि त्या आठवड्यात ते कुणालाही पटलं. खरं ते सांगतो. मी बंदला भ्यालो नव्हतो. त्या ज्वारीत हात घालून तू माझ्याकडे बघशील, आणि तुझ्या शेजाऱ्यापाजाऱ्यांसमोर मला तोंड मिटून उभं राहावं लागेल, ते मला नको होतं. हरायला नको म्हणून मी आलो नाही, महेबूब. बाकी सगळं मागाहून जोडलेलं आहे.

सायंकाळच्या आत निरोप आला. मी आलो तेव्हा तुला बाजेवर ठेवलं होतं. तुझ्या पापण्यांना काडाचा भुसा चिकटला होता, तो कुणीतरी पुसत होतं. दुसऱ्या दिवशी कब्रस्तानात मी तीन मुठी माती टाकली. आमच्यातही पुरतात, फक्त बसवून, आणि त्यावरून तू मला नेहमी म्हणायचास, तुमी बसून कटाळून जासाल, झोप आमचीच चांगली लागनार. हे मला तिथे आठवलं आणि मी चक्क ओठ चावून हसू दाबलं. बाजूच्याला वाटलं मी हुंदका दाबतोय. त्याने माझी पाठ थोपटली.

तीन दिवस तुमच्या घरात चूल पेटवायची नव्हती. दत्तरावच्या घरून पिठलं-भाकरी आली, मशिदीमागच्या घरांतून भात, माझ्या बायकोने डाळ आणि पोळ्या दिल्या. तिसऱ्या दिवशी ओसरीवर इतकी भांडी जमली होती की कुणाचं कुठलं ते कळेना. मी ती घासून ज्याची त्याला पोचवत होतो. तेवढं काम मला जमत होतं. तू असतास तर म्हणाला असतास, बघ अप्पा, ह्या गल्लीला कुठल्या रंगात रंगवशील. मी तुझ्या बाजूने असं मनात बोलून घेतो आणि मग माझ्या बाजूने उत्तर शोधतो. ही सवय सुटत नाही.

परवा रविवार होता. रविवारी मी चुडाव्याला जायचो, म्हणून गेलो. जैतुनबीची इद्दत चालू आहे, त्यामुळे ती परक्या पुरुषासमोर येत नाही. इतक्या वर्षांनी पुन्हा मी ओसरीवर आणि ती आत, मध्ये चादरीचा पडदा. दत्तराव खांबाला टेकून बसला होता. वाचायला पत्र नव्हतं. मी ठरवून आलो होतो, ते बोललो. म्हणालो, वहिनी, त्यांच्या ज्वारीला मी चार लोकांत नावं ठेवली, कबर म्हणालो. तो शब्द त्यांना लागला, म्हणून ते उतरले. हे माझ्यामुळे झालं. मी येणार होतो, पण गाड्या बंद होत्या.

कबुलीच्या शेपटालाही मी खोटं बांधलं, हे बोलून झाल्यावर माझ्या लक्षात आलं.

 पडद्यामागून ती म्हणाली, "भाऊ, गाडी आलती. हितं शिट्टी ऐकू येती."

मी खाली बघितलं. दत्तरावही खालीच बघत होता.

"कबर म्हणलाव ते त्यांनी मला घरी येऊन सांगितलं. लय हसले. त्याचं काई न्हाई," ती म्हणाली. तिचा आवाज कणकेत हात असताना बोलावं तसा, कामातला होता. "त्या दिशी सकाळीच तोंड उघडलं. वाफ जाऊ दिली. कंदील सोडला तर इझला. म्हणले, घाई न्हाई, अप्पा यायलाय, दोर तोच धरनार. सकाळच्या गाडीला तुमी आलाव न्हाई. म्हणले, शाळा आसंल, दुपारच्यानं येतो. दुपारी पुन्ना कंदील सोडला. न्हाई इझला. दत्तरावभाऊ वर बसलेले व्हते. गाडीची येळ झाली तसं त्यानला म्हणले, तू टेसनावर जा, अप्पाला संगं घेऊन ये. गडबडीचे दिवस हायत, येकटा यायला भिईल तो."

मला दत्तरावकडे बघवेना. तो म्हणाला, "मी म्हणलो त्याला, मी येऊस्तोर उतरू नको. हो म्हणला. गाडी गेली तरी मी फलाटावर थांबलो, म्हणलं मास्तर मागल्या डब्यातून उतरले आसतील."

"मी आत तुमच्यासाठी भाकरी टाकायलते," जैतुनबी म्हणाली. "आतून आवाज दिला, कशाला उतरायलाव, दम धरा. तर म्हणले, अप्पानं दारात पाऊल टाकलं की त्याच्या हातात ज्वारी ठिवतो, मग बगू काय बोलतो. मी तव्यावरची भाकर उलटली. त्याच्यानंतर आवाज न्हाई."

वरच्या थरापर्यंत हवा गेली होती म्हणून कंदील जळत राहिला. खाली वाकून दाणा उकरला की तिथली वाफ अंगावर येते. हे मला दत्तरावने नंतर समजावून सांगितलं, आणि मी विद्यार्थ्यासारखी मान हलवली. तुला मारलं ते माझ्या शब्दाने नव्हतं. शब्द तू हसण्यावारी नेला होतास. तू माझी वाट बघत होतास. वर बसलेला एकटा माणूस तू मला आणायला पाठवलास, मी भिईन म्हणून.

मी उठलो तेव्हा पडद्याखालून एक गाठोडं पुढे सरकलं. "लोक म्हणतात फेकून द्या," ती म्हणाली. "मानूस गेलेली ज्वारी खाऊ नये म्हणतात. मी न्हाई फेकनार. गल्लीत समद्यांनला वाटली. ही तुमची."

मी ते घेऊन आलो. बायकोने काल दळून आणली आणि भाकरी केली. ताटात पडल्यावर मी आधी वास घेतला. पेवाचा वास आहे, जरा आंबूस, तू म्हणायचास तसा. दाणा पिवळसर पडलाय, पण कीड नाही, बुरशी नाही, भाकरीला चिरा नाहीत. मी दोन खाल्ल्या. तिसरी वाढली तीही खाल्ली.

ज्वारी चांगली आहे, महेबूब. मी चुकलो होतो. त्या दिवशी आलो असतो तरी हे चार लोकांसमोर तुझ्या तोंडावर कबूल केलं असतं की नाही, ते मला सांगता येत नाही. माझा स्वभाव तुला माहीत आहे. काहीतरी खुसपट काढलंच असतं. पण दोर धरला असता.